कादंबरीचे कथानक थोडक्यात लिहायला विद्यार्थ्यांना कसे शिकवावे

हा लेख आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या शिक्षकांसाठी आहे. या वयाची मुले कादंबरी आवडीने वाचतात, वर्गात तिच्याविषयी भरभरून बोलतात. परंतु ‘आता हिचे कथानक दीडशे शब्दांत लिहा’ असे सांगितले की त्यांची लेखणी अडखळते. काहींची तीन पाने भरतात आणि कादंबरीचे पहिले प्रकरणसुद्धा संपत नाही, तर काही जण चार ओळींत सगळे उरकून ‘ही कादंबरी फार छान आहे’ असे लिहून मोकळे होतात. मुलांना लिहिता येत नाही म्हणून असे होत नाही. निवड कशी करावी आणि निवडलेले एकमेकांशी कसे जोडावे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

यात आपल्या अभ्यासक्रमाची एक अडचणही मिसळते. सारांशलेखन हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो, पण तो अपठित उताऱ्याच्या संदर्भात. उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा, एवढे त्यांना पाठ असते. कादंबरीला हे माप लागू पडत नाही, कारण दीडशे पानांच्या कादंबरीचा एक-तृतीयांश म्हणजे पन्नास पाने होतील. उताऱ्यात वाक्ये आटोपशीर करायची असतात. कादंबरीत बहुतेक मजकूर बाजूला ठेवायचा असतो आणि जे उरते त्यातून एक सलग गोष्ट उभी करायची असते. हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून समजावून सांगावा. त्याचबरोबर रसग्रहण आणि परीक्षण यांपासूनही कथासार वेगळे काढावे. भाषा कशी आहे, पात्रे जिवंत वाटतात का, आपल्याला काय आवडले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांची जागा कथासारात नाही.

पहिली पायरी: कादंबरीची निवड

पहिल्या खेपेला लहान, एका जागी घडणारी आणि मोजक्या पात्रांची कादंबरी घ्यावी. शेकडो पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या मुलांना मोहात पाडतात, पण त्यांतील लढाया, सरदार आणि नातीगोती आवरताना शिकवणाऱ्याचीच दमछाक होते. मी या लेखात व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ उदाहरणासाठी घेत आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आकाराने लहान आहे, तिचा निवेदक एक तरुण शिक्षक आहे आणि शाळा, मुले, गाव या गोष्टी विद्यार्थ्यांना परक्या वाटत नाहीत. आणखी एक कारण असे की, तिचे कथानक वरवर पाहता सुट्या प्रसंगांचे वाटते. त्यामुळे त्या प्रसंगांना जोडणारा धागा शोधण्याचा खरा सराव तिच्यावर होतो.

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः त्या कादंबरीचे दीडशे शब्दांतले कथासार लिहून ठेवावे. ही सूचना अनेकांना अनावश्यक वाटते, पण मी तिच्यावर ठाम आहे. कोणता प्रसंग गाळताना आपला हात थांबला, कोणते पात्र सोडवेना, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्यालाच मुलांची अडचण नेमकी कळते. हे लेखन मात्र शेवटपर्यंत मुलांना दाखवू नये; दाखवले की सगळा वर्ग त्याचीच नक्कल उतरवतो.

वाचनापूर्वी थोडी पार्श्वभूमीही द्यावी. ही कथा माणदेशातील आहे. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत पसरलेला हा भाग कमी पावसाचा असून तेथील धनगरांचे जगणे मेंढरांवर आणि मेंढरांचे जगणे चाऱ्यावर अवलंबून असते. कादंबरीतील वाडी औंध संस्थानात आहे आणि त्या संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी महाराष्ट्रभर ओळखले जात. एवढे सांगितले की दोन गोष्टी मुलांना आपोआप उमगतात: एका आडवळणाच्या वाडीतील तालीम पाहायला राजा का येतो, आणि एक पावसाळा कोरडा जाताच सगळी वस्ती का हलते. पार्श्वभूमी ठाऊक नसलेला विद्यार्थी या घटना केवळ एकापुढे एक मांडतो, कारण त्यांच्यामागचे कारण त्याला दिसतच नाही.

दुसरी पायरी: वाचतानाच नोंद

संपूर्ण पुस्तक वाचून झाल्यावर ‘आता आठवा’ असे म्हणणे उशिराचे ठरते. शाळेत एकच प्रत असेल तर ग्रंथालयाच्या तासाला ती मोठ्याने वाचावी. प्रत्येक भागानंतर पाच मिनिटे थांबावे आणि मुलांना वहीत एकच ओळ लिहायला सांगावे. प्रश्न मात्र नीट विचारावा लागतो. ‘आज काय घडले?’ असे विचारल्यास मुले मास्तरच्या पायवाटेपासून कारभाऱ्याच्या पटक्यापर्यंत सगळे लिहितात. ‘आजच्या भागाच्या सुरुवातीला जे होते त्यातले शेवटी काय बदलले?’ असे विचारावे. मग उत्तर येते की, मास्तरकडे संशयाने पाहणारे लोक आता मुलांना शाळेत धाडू लागले. कथानक म्हणजे असे बदल. जिथे काहीच बदलले नाही तिथे ‘बदल नाही’ असे लिहिण्याची मुभा द्यावी. ही मुभा फार उपयोगी पडते, कारण एखादा भाग अतिशय सुंदर असूनही कथासारात येत नाही, हे मुलांच्या मनावर सुरुवातीपासूनच ठसते.

तिसरी पायरी: आधी तोंडी, मग लेखी

नोंदी पूर्ण झाल्या की लगेच लिहायला लावू नये. मुलांच्या जोड्या कराव्यात. शक्य असेल तर एकाने ही कादंबरी वाचलेली असावी आणि दुसऱ्याने वाचलेली नसावी. शेजारच्या वर्गातील मुले बोलावली तर उत्तमच. पुस्तक आणि वही मिटून दोन मिनिटांत गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याने फक्त दोनच प्रश्न विचारायचे: ‘तो कोण?’ आणि ‘असे का झाले?’ सांगणाऱ्याने ‘मग आनंदा आला’ असे म्हटल्याबरोबर समोरून ‘आनंदा कोण?’ असा प्रश्न येतो आणि प्रत्येक पात्राची ओळख करून द्यावी लागते, हे सांगणाऱ्याला शिक्षकाने न बजावता कळते. ही दोन मिनिटांची मर्यादा कसोशीने पाळावी. वेळ संपल्यावर पुष्कळ मुले अजून मास्तर वाडीत पोहोचण्याच्या प्रसंगावरच असतात. त्यांना रागावू नये. दुसऱ्या जोडीदाराला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावावी. दुसऱ्या खेपेला ती आपोआप आखूड होते.

चौथी पायरी: प्रसंगांच्या चिठ्ठ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. माझ्या मते पूर्ण दोन तासिका. मुलांनी आपापल्या नोंदींतून दहा-बारा प्रसंग निवडून प्रत्येकी एका चिठ्ठीवर लिहावेत आणि बाकावर क्रमाने मांडावेत. त्यानंतर एकेक चिठ्ठी उचलून पाहायची आणि विचारायचे, ‘हा प्रसंग घडलाच नसता, तर पुढचे काय अडले असते?’

कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, ही चिठ्ठी काढून पाहू. ती काढली तर शाळा भरत नाही, शाळा भरली नाही तर मास्तरचे वाडीत स्थान तयार होत नाही आणि पुढे तालमीची कल्पना कोणी ऐकूनही घेत नाही. म्हणजे ही चिठ्ठी राहिलीच पाहिजे. आता वाडीतल्या अंजी या मुलीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तरविषयी आलेली अढी घ्या. प्रसंग नाट्यपूर्ण आहे आणि मुलांना तो नेमका आठवतो, पण गैरसमज दूर होतो आणि कथा मूळ वाटेवर येते. दीडशे शब्दांच्या सारांशात तो गाळता येतो. तीनशे शब्दांचे कथासार असेल तर एका वाक्यात घेता येतो. येथे मुलांना सांगावे की गाळणे किंवा ठेवणे हा निर्णय शब्दमर्यादेनुसार बदलतो, एकच उत्तर कायमचे बरोबर नसते.

सर्वांत कठीण चिठ्ठी शेकूच्या बायकोची. औताला दुसरा बैल नाही म्हणून ती स्वतः बैलाच्या जोडीला जुवाखाली खांदा देते, हा प्रसंग वाचलेला माणूस विसरत नाही. त्यामुळे वर्गात हमखास वाद होतो आणि तो होऊ द्यावा. चिठ्ठी उचलली तरी पुढची घटना अडत नाही, हे मान्य करावे लागते. तरीही एखादी मुलगी म्हणेल की, वाडीचे दारिद्र्य कळले नाही तर शेवटी लोक घरेदारे टाकून का जातात हे कसे कळणार? हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला शिक्षकाने दाद द्यावी. उपाय असा की, तो प्रसंग न सांगता त्यातून कळणारी परिस्थिती एका शब्दसमूहात आणायची, जसे ‘हातावर पोट असलेल्या या वस्तीत’. कथासार लिहिणाऱ्याचे कौशल्य इथेच दिसते: प्रसंग गेला तरी त्याचे वजन वाक्यात राहते.

चिठ्ठ्या सहा-सातवर आल्या की दोन चिठ्ठ्यांमध्ये एक जोडशब्द लिहायला लावावा: ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘तरीही’, ‘अखेर’. केवळ ‘मग’ किंवा ‘नंतर’ लिहिण्यास बंदी घालावी. ‘मग’ चालत नाही असे म्हटल्यावर मुले थबकतात आणि कारण शोधू लागतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हाच भेद मांडला होता: राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झाले कथानक. हे उदाहरण दहावीच्या मुलांना सहज समजते आणि फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहिले तरी चालते.

‘बनगरवाडी’त एक जागा अशी आहे की जिथे ‘म्हणून’ बसत नाही. तालीम आणि दुष्काळ यांच्यामध्ये कारणाचा संबंध नाही. तालीम बांधली म्हणून पाऊस पडला नाही, असे कोणी म्हणणार नाही. तिथे ‘परंतु’ किंवा ‘मात्र’ लागतो, कारण माणसांनी एकत्र येऊन उभे केलेले निसर्गापुढे टिकत नाही, असा विरोध त्या दोन घटनांत आहे. हा एक जोडशब्द शोधताना कादंबरीचा गाभाच मुलांच्या हाती लागतो.

पाचवी पायरी: पहिला मसुदा आणि त्याची दुरुस्ती

आता लेखन. पहिला मसुदा बहुधा असा येतो:

“बनगरवाडी ही खूप सुंदर कादंबरी आहे. त्यात एक मास्तर असतो. तो पहाटे उठून चालत चालत बनगरवाडीला जातो. तिथे त्याला कारभारी भेटले. ते खूप म्हातारे होते. मी मुलांना शाळेत घेऊन या असे त्यांना सांगितले. मग शाळा सुरू झाली. नंतर त्यांनी तालीम बांधली. राजा आला. सगळ्यांना खूप आनंद झाला. मग दुष्काळ पडला आणि लोक गेले. या कादंबरीतून आपल्याला एकीचे महत्त्व कळते.”

असा मसुदा फळ्यावर लिहून सगळ्या वर्गासमोर तपासावा. मात्र तो कोणा एका विद्यार्थ्याचा नसावा, शिक्षकानेच तयार केलेला असावा. प्रथम मोजमाप पाहावे. सुरुवातीच्या प्रवासाला आणि पहिल्या भेटीला निम्मी जागा गेली आहे, तर संपूर्ण वस्ती उठून जाण्याला अर्धे वाक्य मिळाले आहे. पुढे काळ पाहावा: ‘जातो’ नंतर ‘भेटले’ येते आणि मधूनच कादंबरीतला ‘मी’ घुसतो. शेवटच्या वाक्यावर मुलांनाच विचारावे: एकीचे महत्त्व हाच अर्थ असेल, तर एकी होऊनही वाडी ओसाड का पडली? तात्पर्य जोडण्याची सवय बोधकथांपासून लागलेली असते. ती कथासारात मोडावीच लागते, कारण घाईने चिकटवलेले तात्पर्य अनेकदा कादंबरीच्या विरुद्ध जाते.

याच मजकुराचे दुरुस्त रूप असे होऊ शकते:

“औंध संस्थानातील बनगरवाडी या धनगरांच्या लहानशा वस्तीत एक तरुण शिक्षक नोकरीवर रुजू होतो. हातावर पोट असलेल्या या वस्तीत मुले मेंढरांमागे जातात, त्यामुळे शाळा बंद पडल्यासारखीच असते. वाडीचा वृद्ध कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, म्हणून मुले शाळेत येऊ लागतात. लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून लोक आपल्या अडचणी आणि भांडणेही मास्तरकडे आणू लागतात आणि परका मास्तर हळूहळू वाडीचाच होतो. या विश्वासाच्या बळावर तो तालीम बांधण्याची कल्पना मांडतो; सगळी वाडी राबून ती उभी करते आणि तिच्यासाठी खुद्द राजा वाडीत येतो. परंतु पुढे पाऊस दडी मारतो. चारापाणी संपून मेंढरे मरू लागतात, तेव्हा जगण्यासाठी एकेक कुटुंब वाडी सोडून जाते. शाळेत मुलेच उरत नाहीत आणि अखेर मास्तरलाही ओसाड पडलेल्या वाडीचा निरोप घ्यावा लागतो.”

हे दाखवायचे ते मुलांचे स्वतःचे मसुदे हाती आल्यानंतरच. दाखवताना ‘हेच आदर्श उत्तर’ असे म्हणू नये, तर प्रत्येक वाक्य कोणत्या चिठ्ठीतून आले आणि कोणत्या चिठ्ठ्या गाळल्या, ते मुलांकडून ओळखून घ्यावे.

भाषेच्या काही बाबी

कथासार वर्तमानकाळात लिहिण्याची रीत चांगली आहे, कारण ‘मास्तर येतो, लोक जमतात’ अशा रचनेत वाक्ये आटोपशीर राहतात. भूतकाळही चालेल, मात्र एकदा धरलेला काळ शेवटपर्यंत सोडू नये. निवेदक ‘मी’ असला तरी सार तृतीय पुरुषात लिहावे. आदरार्थी बहुवचनाचा घोळ तर आपल्या मुलांकडून नेहमीच होतो. शाळेतील शिक्षकांना ते ‘सर आले’ म्हणतात, त्यामुळे कादंबरीतला मास्तर कधी ‘येतो’ तर कधी ‘येतात’. कोणत्या पात्राला एकेरी आणि कोणाला आदरार्थी संबोधायचे ते लिहिण्यापूर्वी ठरवून वहीच्या वरच्या बाजूला नोंदवून ठेवावे. संवाद जसेच्या तसे उतरवू नयेत. ‘कारभारी म्हणाला की’ ऐवजी ‘कारभारी तयारी दाखवतो’, ‘नकार देतो’, ‘समजूत घालतो’ अशी क्रियापदे शिकवावीत. अशा वीस-पंचवीस क्रियापदांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावली तर मुले ती खरोखर वापरतात. शेवट गुप्त ठेवू नये, हेही स्पष्ट सांगावे. पुस्तकाच्या मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर वाचकाला ओढून घेण्यासाठी असतो, म्हणून तिथे शेवट लपवतात. कथासाराचे काम संपूर्ण कथा सांगणे हे आहे.

तयार सारांशांचा प्रश्न

मार्गदर्शिकांमध्ये आणि मोबाइलवर कोणत्याही गाजलेल्या पुस्तकाचा सारांश मिळतो. बंदी घालून तो थांबत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कामाची मांडणीच बदलावी. तोंडी सांगणे आणि चिठ्ठ्या वर्गातच झालेल्या असल्या की उसना मजकूर लगेच ओळखू येतो. शिवाय एकाच कादंबरीचे सार तीन मापांत मागावे: एका वाक्यात, पाच वाक्यांत आणि दीडशे शब्दांत. एका वाक्याचे सार लिहिताना पुस्तक न वाचलेल्याची पंचाईत होते, कारण त्यासाठी सगळी कथा मनात असावी लागते.

तपासताना

पहिल्या मसुद्यात शुद्धलेखनाच्या चुकांना लाल रेघा मारू नयेत. एका वेळी एकच गोष्ट तपासावी: आधी घटनांची निवड, मग त्यांतील जोड, मग काळ आणि पुरुष, आणि सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. सगळे एकदम तपासलेली वही मूल वाचत नाही, फक्त गुण पाहून मिटते. समासात ‘चूक’ असे लिहिण्याऐवजी प्रश्न लिहावा: ‘लोक वाडी का सोडतात?’ विद्यार्थ्याला उत्तर माहीत असते. ते कागदावर आलेले नाही, एवढेच त्याच्या लक्षात यायला हवे.

पुढची पायरी: अवघड रचनेच्या कादंबऱ्या

दोन-तीन सरळ कादंबऱ्या झाल्यावर वेगळ्या रचनेकडे वळावे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ यासाठी योग्य आहे. मुलांना ती माहीत असते, पण तिचे सार मागितले की ती आवडत्या आठवणींची यादी देतात. तिथे रचनेची दोन पातळ्यांत विभागणी करून दाखवावी: आश्रमात मित्रांना रात्री गोष्ट सांगणारा मोठा श्याम ही एक पातळी, आणि कोकणातले त्याचे बालपण ही दुसरी. पहिल्या पातळीला सारांशात एक वाक्य पुरते. दुसऱ्या पातळीवर ४२ रात्रींच्या आठवणी आहेत; त्यांना जोडणारा धागा म्हणजे कुटुंबाची उतरती स्थिती, डोक्यावरचे कर्ज, आईचे खंगत जाणे आणि तिचा मृत्यू. आईने लावलेले संस्कार सांगणारे अनेक प्रसंग या धाग्याशेजारी एका वाक्यात एकत्र बसवता येतात.

त्यानंतर वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ घेता येईल, पण ती अकरावी-बारावीच्या मुलांनाच द्यावी. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापल्या तोंडून कथा सांगतात. मुले तिघांची तीन स्वतंत्र सारे लिहितात. तसे लिहू द्यावे; मग तिघांच्या निवेदनांतल्या घटना काळाच्या क्रमाने एकाच पट्टीवर मांडायला लावाव्यात आणि ज्या घटनेकडे दोघे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात तिच्याखाली रेघ ओढायला सांगावी. अंतिम सार त्या एकाच पट्टीवरून लिहायचे आणि दृष्टीतला फरक ‘देवयानीला मात्र हा विश्वासघात वाटतो’ अशा उपवाक्यात आणायचा. या कामाला चार-पाच तासिका लागतात, त्यामुळे ते परीक्षेच्या तोंडावर न घेता सत्राच्या सुरुवातीलाच हाती घ्यावे.